शिंपडबाबांचं गुलाबी रक्त

नटबोल्टच्या जुन्या कारखान्यात इतकी गर्दी लोटली होती, की नटबोल्ट बनत होते तेव्हाही एवढी माणसं कधी वेळेवर आली नसतील. शिंपडबाबांनी तांब्यातलं मंतरलेलं पाणी जुन्या जमिनीवर शिंपडलं. काही नाही. मग नव्या चौथऱ्यावर शिंपडलं, आणि चौथरा लालगुलाबी!

"रक्त!" गर्दीत पुढे उभ्या असलेल्या शाळकरी भिंगरीचा मामा किंचाळला. इथल्या भट्टीवर जन्म काढलेला माणूस, चार थेंबांना घाबरला.

"वास्तू रडतेय!" बाबा गरजले. "जिथे यंत्र, तिथेच रक्त! हिला लोखंडी हात नकोत, भक्तांचे हात हवेत. यंत्रं हलवा, इथे माझा आश्रम उभारा, बघा कशी शांत होते!"

किती समंजस वास्तू! बाबांना जागा हवी होती हे तिला बरोब्बर कळलं होतं.

कारखान्याची आता रसायनांची प्रयोगशाळा होत होती. यंत्रं थरथरू नयेत म्हणून काँक्रीटचे ताजे चौथरे बांधले होते. त्यांवर बसवलेले यांत्रिक हात नळ्या भरणार, ढवळणार, निकाल सांगणार. त्यांना काम नेमून द्यायला भिंगरीची आई मोठ्या जिद्दीने शिकली होती. पण या रक्तापायी कामगार आत पाऊल टाकेनात. आणि साहेब? भिंतभर पदव्या लावलेले साहेब बाबांपुढे हात जोडून उभे!

"लोकांच्या भावना आहेत हो," ते आईला म्हणाले. "यंत्रं उद्या परत पाठवू."

"आणि मी?"

"तुम्हीही जरा दमाने घ्या."

आईचा चेहरा पडला. भिंगरीचं डोकं मात्र फिरलं. रक्त असं गुलाबी असतं? सायकलवरून पडून गुडघे फोडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. रक्ताचा रंग तिला कोण शिकवणार! ती तांब्याजवळ सरकली. आत स्पिरिटचा वास!

"बाबा, थोडं पाणी द्या ना. आमच्या घरात फार भांडणं होतात."

"घे, बाळ!" बाबांनी तिच्या डब्याचं झाकण भरलं. भिंगरीने ते थेट आईपुढे धरलं. आईने वास घेतला आणि हसली.

"लाव यंत्राला."

चार नळ्या मांडल्या: चुन्याची निवळी, साबणाचं पाणी, लिंबाचा रस, साधं पाणी. यांत्रिक हात उठला आणि बाबांच्या पाया न पडताच प्रत्येक नळीत थेंब टाकत गेला. निवळी गुलाबी! साबण गुलाबी! बाकी दोन्ही जशाच्या तशा.

"मामा, साबणाचा खून कोणी केला रे?" भिंगरीने विचारलं. गर्दीत खसखस पिकली. तिने चौथऱ्यावर लिंबू पिळलं. रक्त गायब!

"हे स्पिरिटमध्ये विरघळवलेलं रसायन, याला फिनॉल्फ्थॅलिन म्हणतात," आई म्हणाली. "ताज्या काँक्रीटमध्ये चुना असतो, त्यावर हे गुलाबी होतं. जुन्या जमिनीतल्या चुन्याचा जोर हवेने केव्हाच गेलाय. बांधकामावर काँक्रीट असंच तपासतात."

"यंत्राला बाधा झालीय!" बाबा ओरडले.

"मग तुम्हीच प्या ना तुमचं पवित्र पाणी," भिंगरीने झाकण पुढे केलं. आई गोड आवाजात म्हणाली, "पूर्वी हे जुलाबासाठीच द्यायचे."

बाबांनी तांब्या तिथेच टाकला आणि जुलाब न घेताच धूम ठोकली.

"मला आधीपासून शंका होतीच," साहेब म्हणाले.

"मग यंत्रं राहतायत ना?" आईने विचारलं. साहेबांनी मान डोलावली. मामा फडकं घेऊन चौथरा पुसायला लागला. वर बघायची त्याला लाज वाटत होती.

तेव्हा मंडळी, कोणी रक्त दाखवलं तर आधी विचारा: इथेच का? शेजारी का नाही? एवढं विचारायला पदवी लागत नाही. हात जोडायच्या आधी एका हाताने लिंबू पिळून बघा!