तेवीस नंबर

आमच्या हायस्कुलात मधल्या सुट्टीची घंटा दहावीची मुलं देतात. हजेरीच्या नंबराप्रमाणे रोज एकाची पाळी. मी धाकू, इथला शिपाई. माझं काम नुसतं बाजूला उभं राहायचं आणि उद्या कोणाचा नंबर ते सांगायचं. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, कोकण रेल्वेचं काम चालू होतं तेव्हाचा. पडवीत दोन लोखंडी पाइप पुरलेत, वर तिसरा आडवा, त्याला तो साखळीनं टांगलाय. पाळीच्या दिवशी पोरं तेल लावून, भांग पाडून येतात. तेवढा एक दिवस अख्खी शाळा त्यांचं ऐकते.

जुलैत बावीस नंबर झाला आणि मी चोविसाला हाक मारली, "समर्था, उद्या तू रे." तेवीस नंबर सानवीचा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. जिला घंटाच ऐकू येत नाही तिच्या हातात हातोडा देऊन चारचौघांत तिला ओशाळं कशाला करा, असं मला वाटलं. माझ्या मते मी भलं केलं. असलं भलं करायची मला खोडच आहे. आधी विचारायची मात्र सवय नाही.

दुसऱ्या दिवशी समर्थ घंटा देऊन गेला आणि सानवी माझ्या स्टुलासमोर येऊन उभी राहिली. तिनं वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं, "काल २२. आज २४. मी कुठे गेले?"

मी आपला कानाला हात लावून दाखवला. ही बातमी तिला मीच पहिल्यांदा देतोय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वही परत घेतली आणि खाली लिहिलं, "घड्याळ दिसतं मला."

तिच्या वर्गाच्या मुळ्ये बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी वही वाचली.

"धाकूभाऊ, तिला विचारलंत का?"

"नाय बाई."

"मग उद्या तिची पाळी."

दुसऱ्या दिवशी सानवी पाच मिनिटं आधीच हजर. दोन वेण्या, नव्या रिबिनी. ऑफिसातल्या घड्याळावरची नजर तिनं हलवली नाही. काटा जागेवर आला तसा तिनं हातोडा उचलला, आणि आवाज हाताला कळावा म्हणून डावा तळवा रुळावरच घट्ट ठेवला.

ठक. परत ठक. हात ठेवला तर रूळ वाजणार कसा? आवाज तिच्या तळव्याखालीच बसला. तिला वाटलं घंटा झाली. ती हसऱ्या तोंडानं वर्गांच्या दारांकडे बघत राहिली. एकही दार उघडलं नाही. तिचं हसू हळूहळू गेलं आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

माझा हात हातोड्याकडे गेलाच होता. तो मी मागे घेतला. मग रुळाकडे बोट दाखवून मानेनं नको म्हटलं, आणि माझा तळवा बाजूच्या पाइपावर ठेवला. तिनं क्षणभर विचार केला. रुळावरचा हात काढून माझ्या हाताशेजारी ठेवला आणि हातोडा मारला.

पाइप आमच्या दोघांच्या हाताखाली थरथरला. तिनं दचकून हात काढला, लगेच परत ठेवला. टोल द्यायचे पाच, तिनं अकरा दिले. मी अडवलं नाही.

दारं उघडली. डबे वाजवत पोरं पडवीभर झाली. सानवी पाइप धरून उभी होती. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, जाडसर आणि जरा अडखळता.

"आली," ती म्हणाली. "सगळी आली."

मला रडू आलं. ते तिच्यापासून लपवायला मी तोंड फिरवलं, तर तिनं माझी बाही ओढली आणि वही पुढे केली.

"उद्या २४ ला परत द्या. त्याची पाळी माझ्या दिवशी झाली आणि त्याचा दिवस मी घेतला."