उगारलेलं लाटणं

मित्रांनो, मी एक जुनं लाटणं आहे. पोळीचं नव्हे, पापडाचं. पोळीचं लाटणं गुळगुळीत असतं. माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक खाचा आहेत, म्हणून उडदाचं चिवट पीठ मला दाद देतं. पेणच्या एका कातार्‍याने मला शिसवाच्या लाकडातून काढलं, त्याच वर्षी इंदुबाई लग्न होऊन रामवाडीत आली. आम्ही दोघं एकदमच या घरात आलो म्हणा ना.

चैत्र लागला की इंदुबाईच्या पडवीत पापडांची बैठक बसायची. सगुणा, हौसा आणि शेजारच्या आणखी दोघी-तिघी. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून इंदुबाई पिठाच्या सटासट लाट्या कापायची. तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. माझ्याखालून निघालेल्या पापडातून पलीकडचा हात दिसतो असं हौसा म्हणायची, आणि मी उगाच फुगायचो.

या बैठकीत इंदुबाईचं लेकरू येऊन बसायचं. तेव्हा सगळे त्याला महिपती म्हणत. आज ती सरू आहे, म्हणून मी पहिल्यापासून सरूच म्हणतो. सात वर्षांची असताना तिने मला हातात घेतलं आणि दुसर्‍याच दिवशी गोल पापड लाटला.

"इंदे, तुझ्या पोराचा हात बघ गो," सगुणा म्हणाली. "तुला सून आणायची गरजच नाय!"

सगळ्या हसल्या, इंदुबाईही हसली. तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं. सरू बारा वर्षांची झाली होती. त्या दिवशी तिने आईच्या हिरव्या बांगड्या हातात चढवल्या होत्या, डोक्यावर ओढणीसारखा टॉवेल घेतला होता आणि बायकांच्या रांगेत मांडी घालून ती लाटत होती. एवढ्यात गडबहून तिचा मामा हैबतराव आला. तो दारातच थबकला.

"ताय, हा पोरगा हाय का नाचा?"

इंदुबाई ताडकन उठली. तिने सरूच्या हातून मला ओढून घेतलं आणि उगारलं. एकदा नाही, तीनदा. बांगड्या फुटल्या. सरू "आई" म्हणाली नाही, दोन्ही हात डोक्यावर घेऊन तशीच बसून राहिली.

बायकोच्या हातातलं लाटणं, नवर्‍याच्या डोक्यावरचं टेंगूळ, असे विनोद तुम्ही वाचले असतील. मला त्यांचं कधी हसू आलं नाही. पण मार दिला याहूनही मला दुसर्‍या दिवसाची लाज वाटते. दुसर्‍या दिवशी इंदुबाईने मला पुसलं, पाटावर ठेवलं, आणि माझ्याखालून पापड रोजच्यासारखेच पातळ निघाले. एकही फाटला नाही. निदान एखादा तरी फाटायला हवा होता.

सरूने मला पुन्हा हात लावला नाही. अठराव्या वर्षी ती रोह्याला गेली, कंपनीत पॅकिंगला लागली, तिथेच खोली घेऊन राहिली. इंदुबाई कोणी विचारलं की सांगायची, "शिफ्ट असते वो, यायला नाय जमत." मी खुंटीला टांगलेला असायचो. सरूला जमत नव्हतं ते शिफ्टमुळे नव्हे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग टाळेबंदी उठली त्याच्या पुढच्या चैत्रात सरू आली. अंगात फिकट निळा पंजाबी ड्रेस, केस मानेवर बांधलेले. इंदुबाईने तिला पटकन आत ओढलं. सकाळी बायका आल्या तेव्हा म्हणाली, "ही आमच्या हैबतची पोर. गडबची."

हैबतरावाला तीन मुलगे. सगळ्या रामवाडीला ते माहीत.

"व्हय का?" सगुणा सरूकडे नीट बघत म्हणाली. "बरी हाय गो. आत्यावर गेलीय अगदी."

इंदुबाई खाली मान घालून लाट्या कापत राहिली. सरूने हौसाकडचं जादा लाटणं मागून घेतलं. मी जवळच होतो, पण माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पाच दिवस असेच गेले. रोज ती आईला काहीतरी विचारायला तोंड उघडायची आणि मिठाचा डबा मागायची.

सहाव्या दिवशी हौसाने तिच्या पायाकडे बोट दाखवलं. "एवढ्या उन्हाळ्यात हे घट्ट मोजे कशाला गो? बघूनच घाम फुटतो."

सरू खोटं बोलू शकली असती. तिला कंटाळा आला असावा. ती म्हणाली, "पोटरीत रक्ताची गाठ झालेली, मावशी. डॉक्टरांनी घालायला सांगितलेत."

"या वयात?"

"गोळ्या घेत होते. बाईचं शरीर व्हावं म्हणून. कुणालाच विचारायची लाज वाटली, मग मोबाईलवर बघून घेतल्या. लवकर फरक पडावा म्हणून दुप्पट."

"गप!" इंदुबाई ओरडली, आणि माझ्यासकट तिचा हात वर गेला.

मारायला नव्हे, मित्रांनो. नुसतं गप्प करायला. पण सरूचे दोन्ही हात डोक्यावर गेले. तीस वर्षांची बाई, पीठ लागलेले हात डोक्यावर घेऊन अंग चोरून बसली. लाटणी थांबली. इंदुबाई माझ्याकडे बघत राहिली, जसं काही तिच्या हातात साप आहे. मग तिने मला हळूच खाली ठेवलं. मला वाटलं, पाटाखालच्या फटीत जावं आणि कुणालाच सापडू नये.

सगुणाने पिठाचे हात झटकले. "मग आता काय म्हणतात डॉक्टर?"

सरू जमिनीकडे बघून सांगू लागली. "त्या गोळ्या बंद केल्या. गाठ विरघळलीय. आता डॉक्टरबाई म्हणतात तीन वाटा आहेत. एक, तेच औषध, पण कातडीला लावायची पट्टी. त्यानं गाठीची भीती कमी असते. पुरुषी हार्मोन दाबायची गोळी वेगळी, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. दुसरी, एक लहान ऑपरेशन. ते हार्मोन ज्या ग्रंथींत तयार होतं त्याच काढायच्या, म्हणजे ती दाबायची गोळी सुटते. पण मग स्वतःचं मूल कधीच नाय. तिसरी, मोठं ऑपरेशन, खालचं अंगच बाईचं करायचं. त्यात महिनोन्महिने जपावं लागतं. आणि ह्यातलं काहीच नाय केलं तरी चालतं, असं पण म्हणाल्या."

"आवाज?" हौसाने विचारलं.

"आवाज काय औषधानं बदलत नाय, मावशी. दाढी पण वेगळीच काढावी लागते."

"आणि पाळी गेल्यावर आमच्या अंगातून येतात तशा गरम वाफा येनार का?"

"औषध मध्येच बंद झालं तर येतात म्हणे."

"ये मग, बस आमच्यात!" हौसा म्हणाली, आणि सरूला सहा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

सगुणा मात्र हसली नाही. "चौतीस वर्षांची होते मी, पिशवी काढली तेव्हा. डॉक्टर म्हनला काढ, नवरा म्हनला काढ. मला कुनी विचारलंच नाय. तुला तीन वाटा मोजून दाखवल्यात तर घाई करू नको गो. तुला काय पायजे?"

सरूने हातातली लाटी पाटावर ठेवली. "मोठं ऑपरेशन आता नको. मला त्याची भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणायची पण लाजच वाटत होती. आधी सहा महिने पट्टी, नीट रक्त तपासून. मानवली तर पावसाळ्यानंतर लहान ऑपरेशन. मुलाचा विचार मी केलाय. पण..."

"पण काय?"

"ऑपरेशनानंतर घरचं कुणीतरी सोबत पायजे. कोण असेल त्याचं नाव आधीच द्यायला सांगितलंय. माझ्याकडं द्यायला नाव नाय."

इंदुबाईने पदराने हात पुसले. क्षमा मागणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. मलाही ते येत नाही.

"टाके किती दिवसांनी काढतात?" तिने विचारलं.

"आपोआप विरघळतात," सरू म्हणाली.

"आणि जेवायला? तिखट चालतं?"

"दोन दिवस नको."

इंदुबाई सगुणाकडे वळली. लेकीकडे बघायची अजून तिची हिंमत नव्हती. "सगुणा, दिवाळीच्या सुमारास माझ्या घरावर नजर ठेव गो. तुळशीला पानी घाल. मी रोह्याला असेन. माझ्या मुलीकडे."

मित्रांनो, आता मी फारसा वापरात नाही. माझ्या खाचा झिजल्या आहेत. पण तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याची एवढी काळजी घ्या. त्याला पाण्यात भिजत टाकू नका, ओल्या फडक्याने पुसून सुकवा. आणि पापड लाटून झाला की त्याला लगेच खुंटीला टांगा. रिकाम्या हातात राहू देऊ नका. मी लाकूड आहे, मला कोणी उचललं की नाही म्हणता येत नाही. तुम्हाला म्हणता येतं.