हिव कुणाचं?

तीन दिवस आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, आणि नुंगारीचा जीव टांगणीला लागला होता.

इतरांना निरभ्र आभाळाचं कौतुक असेल. न्यांदारुआच्या पठारावर जानेवारीतलं स्वच्छ आभाळ म्हणजे वैऱ्याचं हसू. इथला एकही ऋतू गोड बोलत नाही. मार्चचा पाऊस वाटा गिळतो. जुलैचं धुकं महिनाभर उंबऱ्यावर ठाण मांडून बसतं, ओला कपडा वाळू देत नाही. ऑक्टोबरचा पाऊस गारांनी मारतो. पण हे सगळे तोंडावर भांडणारे. जानेवारी दिवसा ऊन देतो आणि पहाटे गुपचूप येऊन पानावरचं दव गोठवून जातो. ऊन चढलं की ते पांढरं हिव विरघळतं, आणि पान उकडल्यासारखं काळं पडतं.

दोन वर्षं नुंगारीचे बटाटे असेच गेले. यंदा घरातलं शेवटचं बियाणं तिनं मातीत घातलं होतं. पीक आता फुलावर होतं. हेही गेलं, तर मार्चमध्ये लावायला मूठभरही उरणार नव्हतं.

आणि उताराच्या खालच्या अंगाला तिच्या धाकट्या जावेचं, वारिगियाचं शेत. तेच बियाणं, तीच माती, तेच आभाळ. पण तिथे दोन्ही वर्षं हिरवंगार. दोन शेतांमध्ये होतं फक्त सुरूच्या झाडांचं कुंपण, तेही नुंगारीनंच लावलेलं. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याला, काहिगाला, मूठमाती दिली त्या दिवशी वारिगिया चारचौघांत म्हणाली होती, "माझे थोरले भावजी छातीच्या दुखण्यानं नाही गेले, हिच्या जिभेनं गेले." पुढच्याच पावसात नुंगारीनं बांधभर रोपं लावली, अगदी खांद्याला खांदा लावून. ओढ्याकडे जाणारी जुनी पायवाटसुद्धा बुजवली. त्या बाईचं तोंड म्हणून पुन्हा दिसायला नको. झाडं आता दीड पुरुष उंच झाली होती.

एवढं करूनही तिचं पीक जळत होतं, तेव्हा नुंगारीनं मनाशी ठरवूनच टाकलं, की ही खालची काहीतरी उलटं मागते देवाकडे.

रविवारी दोघी एकाच प्रार्थनाघरात. पांढऱ्या पागोट्याचे एलिजाबाबा उभे राहिले, ढोलावर थाप पडली आणि त्यांचं प्रवचन गाण्यात वाहू लागलं. काय तो गळा! ऐकणाऱ्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हावा. तिथली रीत अशी, की कुणीही बाई उठून ओळ धरते आणि बाकीच्यांनी ती पुरी करायची. धरलेली ओळ अर्धी लोंबकळत ठेवणं हा देवाचा अपमान.

त्या दिवशी ओळ धरली वारिगियानं. "ऊन कुणाचं?"

"त्याचंच गं, त्याचंच!" सगळे गर्जले.

"हिव कुणाचं?"

नुंगारीचे ओठ मिटलेलेच राहिले. त्याचं कसलं? तुझं, तुझं आहे ते! बाबांनी हात वर केला, ढोल थांबला. सगळे तिच्याकडे बघू लागले. बाबा शांतपणे वाट बघत राहिले, जणू त्यांना संध्याकाळपर्यंत दुसरं कामच नव्हतं. शेवटी नुंगारी दातांतून म्हणाली, "त्याचंच गं, त्याचंच."

बाहेर पडल्यावर वारिगियानं गाठलंच. "का हो जाऊबाई, देवाचं नाव घ्यायला दाढा दुखतात?"

"तुझ्या तोंडून ऐकलं की दुखतात. माझं शेत जाळून पोट भरलं नाही का तुझं?"

"मी जाळलं? पाच वर्षांत पाऊल तरी टाकलंय का तुमच्या रानात? टाकणार कुठून म्हणा!" असं म्हणून ती फिसकन हसली. ते हसू नुंगारीच्या डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शाल गुंडाळून शेताच्या माथ्यावर गेली. धुरानं पीक वाचतं म्हणतात, म्हणून ओला पेंढा पेटवला. धूर वर जाईल असं तिला वाटलं होतं. पण तो जमिनीला चिकटला आणि पाण्यावर निघालेल्या गुरांसारखा सरींमधून उताराला लागला. कुंपणापाशी पोचला, अडला, आणि मागे साचत साचत तिच्याच बटाट्यांवर गुडघाभर चढला. नुंगारी त्यात जाऊन उभी राहिली. पावलं बधिर झाली. झाडांत हात खुपसून तिनं पलीकडे काढला. पलीकडची हवा कोमट वाटावी इतकी वेगळी होती.

उजाडलं तेव्हा कुंपणालगतच्या साऱ्या सरी पांढऱ्या पडल्या होत्या. वरच्या अजून हिरव्या होत्या. नुंगारी खाली बसली. थंडी डोंगरावरून येत होती आणि ओढ्याकडे जायला निघत होती. थंडीला वाटेत कोंडलं होतं ते नुंगारीनं स्वतः, पाच वर्षं झाडांना पाणी घालून.

ती उठली आणि कोयता घेऊन आली.

चौथ्या घावाला पलीकडून आवाज आला. "काय चाललंय? मला तोडायला येताय का?"

"थंडी सोडतेय."

"माझ्या रानात? मधोमध? खबरदार!" फांद्यांतून वारिगियाचा डोळा दिसला, तिच्याही हातात कोयता होता. "दोन वर्षं माझे बटाटे तुमच्या रागावर पोसले, आता बरी जाग आली!"

नुंगारीचा हात थांबला. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यांदा तुमचं पीक जळलं तेव्हाच कळलं."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलायला वाट ठेवली होतीत कुठे?"

नुंगारीनं कोयता पुन्हा उगारला.

"इथे नाही," वारिगिया खेकसली. "तोडायचं तर जुन्या पायवाटेवर तोडा. ती कडेकडेनं सरळ ओढ्यात उतरते. आणि एक झाड जास्त पडलं तर मुखियाकडे जाईन!"

दुपारपर्यंत वाटेवरची सगळी झाडं पडली. वारिगियानं एका फांदीला हात लावला नाही. कमरेवर हात ठेवून, गिथेरीचे, उकडलेल्या मक्या-घेवड्याचे, दाणे चघळत ती पहारा देत राहिली.

दुसऱ्या पहाटेही आभाळ लख्ख होतं. नुंगारीनं पेंढा पेटवला. धूर उतरला, कुंपणापाशी घुटमळला, वाट सापडताच वळला आणि लगबगीनं ओढ्याकडे निघाला. जाता जाता वारिगियाच्या चुलीघरात शिरला.

सूर्य आला. खालच्या सरी कालच्याच हिवानं काळ्याठिक्कर पडल्या होत्या. पण वरचं अर्धं शेत ओलं, हिरवं, फुलांसकट उभं होतं. मार्चपुरतं बियाणं होणार होतं.

खालून खोकला आणि शिव्या एकदमच आल्या. आता वाटेवर झाडं नव्हती, शब्द न् शब्द स्पष्ट पोचत होता. नुंगारीनं सगळं ऐकून घेतलं. मग वाटेच्या तोंडाशी उभी राहून गळा मोकळा सोडला.

"हिव कुणाचं?"

शिव्या थांबल्या.

"तुमचंच, भवाने, तुमचंच!"

नुंगारी हलली नाही. एलिजाबाबांसारखी वाट बघत राहिली. धुरातून आणखी एक खोकला आला, आणि मग घोगऱ्या, चिडक्या, पण सुरात लागलेल्या आवाजात वारिगियानं ओळ पुरी केली.

"त्याचंच गं, त्याचंच."