सरस्वतीपुढचा मदरबोर्ड

गिरिधरच्या पोटात दुखायला लागलं ते रविवारी, भर जेवणाच्या ताटावर. खाण्यातलं काही बाधलं नव्हतं. समोर त्याचा धाकटा भाऊ हरिप्रसाद बसला होता, त्याच्या शेजारी गिरिधरची एकुलती एक मुलगी विद्यालक्ष्मी, आणि दोघं सांबारभात निवत ठेवून कंप्यूटरबद्दल बोलत होती.

आता कंप्यूटरबद्दल बोलायचं तर या घरात जाणता माणूस कोण? पेरुंगुडीच्या ऑफिसात गेली वीस वर्षं तीनशे यंत्रं चालती ठेवतो तो गिरिधर. तंजावर सोडून चेन्नईत येऊन राहिलेला, घरात अजून तंजावरी मराठीच बोलणारा त्यांचा सगळा गोतावळा. त्यात कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा पासवर्ड हरवला की फोन यायचा तो गिरिधरला. हरिप्रसाद अड्यारच्या एका बँकेत कर्जाच्या फायली तपासतो. दोन वर्षांपूर्वी त्याला व्हिडिओ बघून कंप्यूटर जुळवायचा नाद लागला, आणि तेव्हापासून विद्या ‘काका, काका’ करत त्याच्याच मागे. पिकतं तिथे विकत नाही, हे गिरिधरनं पुष्कळदा ऐकलं होतं. आपल्याच स्वयंपाकघरात त्याचा प्रत्यय येईल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

विद्या यंदा कॉलेजात गेली होती आणि तिला नवा डेस्कटॉप हवा होता. तिच्या आईनं, रंजनीनं, खर्चाची रेघ ओढून दिली होती. त्या रेघेच्या आत राहून वेगवान यंत्र मिळवायचं तर एकच वाट होती: साधा प्रोसेसर घ्यायचा आणि कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं तो पळवायचा. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि हरिप्रसाद हा शब्द पेढा खाल्ल्यासारखा उच्चारायचा. पण ते कुठल्याही मदरबोर्डावर होत नाही. काही बोर्ड वेग वाढवू देतात, काही देतच नाहीत. देणाऱ्यांतले बहुतेक महाग. तेव्हा स्वस्तातला, पण वेग वाढवू देणारा, आणि वाढलेल्या वेगाची उष्णता सोसणारा बोर्ड शोधायचा होता.

गिरिधर वाट बघत होता. आता विद्या वळेल आणि विचारेल, अप्पा, तुम्हाला काय वाटतं? विद्या वळली. तिनं पापड मागितला.

जेवण झाल्यावर हरिप्रसादनं एका चिठ्ठीवर बोर्डाचं नाव आणि नंबर लिहिला. विद्या त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

“आण इकडे,” गिरिधर म्हणाला. “मंगळवारी मला माउंट रोडला काम आहे. रिची स्ट्रीट तिथून दोन पावलांवर. मी घेऊन येतो.”

“सरी, अण्णा, बरें झालें,” हरिप्रसाद खूश होऊन म्हणाला. “मज बँकेंत ऑडिट आहे, जायला होत नाही.”

“अप्पा,” विद्या म्हणाली, “यांत लिहिलें तेंच आणा. दुसरा कुठला नको.”

गिरिधरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं या हातांनी यंत्रं उघडली, आणि मुलगी सांगते की काकानं लिहिलंय तेच आणा. त्यानं चिठ्ठी चार घड्या करून खिशात घातली.

मंगळवारी रिची स्ट्रीटच्या कंप्यूटर-बाजारात, एका बोळातल्या दुकानात दुकानदारानं दोन खोके काढून समोर ठेवले. एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे, वरचं चित्रसुद्धा जवळजवळ तेच. “वेग वाढवायचा असेल तर हा,” तो तमिळमध्ये म्हणाला. “प्रोसेसरच्या शेजारी धातूची जाड पट्टी आहे, उष्णता खेचून घेते. नुसतं चालवायचं असेल तर हा दुसरा. प्रोसेसर यातही बसतो, पण वेगाला हात लावू देत नाही. कुठला देऊ? सील फोडलंत की परत घेणार नाही हां.”

हे सगळं गिरिधरला दुकानदारापेक्षा चांगलं माहीत होतं. चिठ्ठीत पहिला लिहिला होता. आणि निवड चोख होती, हेच तर खुपत होतं. त्या किमतीत त्याहून चांगला बोर्ड त्याला स्वतःलाही सुचला नसता.

त्याच्या डोळ्यांपुढे यंत्र जुळवायला ठरवलेली विजयादशमीची सकाळ आली. घरात चार नातेवाईक जमलेले. हरिप्रसाद यंत्र सुरू करून वेग वाढवायला बसलेला, आणि वेग वाढवायची सोयच सापडत नाही. तो खालीवर शोधतोय, घाम पुसतोय. मग विद्या मागे वळून बघते, आणि गिरिधर सावकाश उठून म्हणतो, सरक, बघू. मुलीचं तसं काय जातंय? यंत्र तर चालेलच. महिन्याभरानं आपण आपल्या पैशानं चांगला बोर्ड आणून बसवू. मत्सराला असे हिशेब फार चटकन सुचतात.

“दुसरा द्या,” तो म्हणाला.

नवमीला रंजनीनं सरस्वतीपूजा मांडली. पाटावर विद्याची पुस्तकं, रंजनी शिकवते त्या शाळेतल्या वह्या, शिवणाची कात्री, गिरिधरचा लॅपटॉप, आणि नव्या यंत्राच्या भागांचे सगळे खोके, सीलबंद. मदरबोर्डाचा खोका गिरिधरनं पूजेच्या वेळीच पिशवीतून काढून, नंबर खाली करून ठेवला. एकेकाला चंदन लावलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं. या घरात रीत अशी, की एकदा देवीपुढे ठेवलेल्या वस्तूला दशमीची सकाळची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. उघडायचं नाही, वाचायचं नाही, हलवायचंही नाही. गिरिधरच्या आजोबांनी म्हणे तार आली तरी त्या दिवशी चष्मा पूजेतून उचलला नव्हता.

शेवटी विद्या आतून काहीतरी घेऊन आली आणि तिनं ते मदरबोर्डाच्या खोक्यावर ठेवलं. काळ्या मुठीचा जुना स्क्रू ड्रायव्हर होता, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. गिरिधरनं तो लगेच ओळखला. विद्या सहा वर्षांची असताना तिला मांडीवर बसवून त्यानं घरातला पहिला कंप्यूटर याच स्क्रू ड्रायव्हरनं उघडला होता, आणि एकेक स्क्रू तिच्या मुठीत ठेवायला दिला होता. तो कधीच हरवला असं तो समजून चालला होता.

“हें कशाला गे?” रंजनीनं विचारलं.

“अप्पांचं आहे. उद्यां बोर्ड अप्पांनींच बसवायचा,” विद्या म्हणाली. “काकाला मीं सांगितलें आहे.”

गिरिधरनं हातातली सुंडलची, प्रसादाच्या चण्यांची वाटी खाली ठेवली. थोड्या वेळानं तो पाटाजवळ गेला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, “तो खोका जरा बघूं का? पटकन जाऊन बदलून आणतों.”

“पूजेंतल्या वस्तूला हात लावूं नये, हें तुमाला नव्यानं सांगायचं कां?” रंजनी म्हणाली. “आणि आज आयुधपूजेला दुकान कोण उघडं ठेवतो?”

तिचं बरोबर होतं. तो दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिला, आणि दर खेपेला खोक्यावरचं कुंकू त्याला दिसत राहिलं. विद्याला बाजूला बोलावून सांगावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा जीभ उचलली नाही.

दशमीला सकाळी पूजा झाली, आरती झाली. नातेवाईक हातात कॉफीचे पेले घेऊन भोवती बसले. विद्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलून बापाच्या हातात दिला. गिरिधरनं खोक्याचं सील फोडलं आणि बोर्ड बाहेर काढला.

विद्या वाकून बघत होती. प्रोसेसरच्या शेजारी जाड पट्टी असायला हवी होती, तिथं नुसते उघडे चौकोनी तुकडे होते. तिनं खोका फिरवून नंबर वाचला. मग तो तिनं हरिप्रसादपुढे धरला. हरिप्रसादनंही खोका वाचला. त्यानं एकदा गिरिधरकडे पाहिलं, फार वेळ नाही, पण त्याला सगळं समजलं हे गिरिधरला कळलं.

“अय्यो, माझीच चूक,” हरिप्रसाद म्हणाला. “चिठ्ठींत मीच चुकीचा नंबर लिहिलों.”

सुटलो म्हणून गिरिधरनं देवीला हात जोडायला हवे होते. पण झालं भलतंच. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कंप्यूटरची हुशारी गेली याच्याकडे, मुलगी गेली याच्याकडे, आणि आता मनाचा मोठेपणाही यालाच? चारचौघांत आपलं पाप पोटात घालून हा वर दशांगुळं उरणार, आणि आपण जन्मभर त्याच्या उपकाराखाली वाकायचं? पश्चात्तापानं जे काल दिवसभरात झालं नव्हतं, ते मत्सरानं एका क्षणात केलं.

“हरि बरोबरच लिहिला होता,” तो म्हणाला. “मी मुद्दाम दुसरा आणलों.”

“कां?” रंजनीनं विचारलं.

“सगळ्यांपुढें तो तोंडघशीं पडावा म्हणून.”

हरिप्रसाद खाली बघू लागला.

“काका निवडला नव्हता, अप्पा,” विद्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, रडकाही नव्हता. “मी निवडलें. तीन आठवडे बसून, पंधरा बोर्ड पाहून. काका नुसता लिहिला. त्यालाही मीच सांगितलें होतें कीं अप्पांना बोलूं नको.”

“मला कां नाहीं विचारलंस?”

“तुमाला विचारलें असतें तर तुमीच निवडून दिले असते. आज बसवतांना तुमी तो पाहणार, आणि विचारणार, कोण निवडला हा, चांगला आहे. त्यासाठीं.”

गिरिधरला दुकानातला तो क्षण आठवला. निवड चोख आहे, असं तो खरोखरच मनाशी म्हणाला होता. आणि तेवढ्यासाठीच त्यानं ती मोडली होती.

“बसवा,” विद्या म्हणाली. “हाच बसवा आतां. सील फुटलें.”

त्यानं बसवला. स्क्रू दोनदा हातातून निसटला, आणि दोन्ही वेळा हरिप्रसादनं तो मुकाट्यानं उचलून दिला. यंत्र पहिल्याच खेपेला सुरू झालं. पडद्यावर सेटिंग्जचं पान उघडलं. विद्या बापाच्या शेजारी येऊन बसली आणि पडद्यावरच्या एका रिकाम्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

“इथें एक ओळ असती, अप्पा,” ती म्हणाली. “तींत आकडा वाढवत जायचा, एकेक. दर वेळीं उष्णता पाहायची, मग पुढचा. मीं सगळे आकडे लिहून ठेवले होते.”

गेली दोन वर्षं त्याला एवढंच हवं होतं, की तिनं कंप्यूटरबद्दल आपल्याशी बोलावं. ती बोलत होती. तो त्या रिकाम्या जागेकडे बघत, एकेक शब्द ऐकत बसला.