मोहरीतले मित्रकीटक

बुद्धभूषण कीटकनाशकाच्या कंपनीत पीक-सल्लागार होता. म्हणजे सल्ला कसलाही असो, शेवटी बाटली निघायची. बायकोच्या, लुंबिनीच्या, नोकरीमुळे मिळालेल्या दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत तिने त्याच्या शर्टांसाठी वेगळी दोरी बांधली होती. औषधाचा वास साबणालाही दाद देत नसे.

उदारीकरणाच्या लाटेत तेवढ्यात गुडगावात एक नवी कंपनी उगवली. ती विलायतेला भाजी पाठवणार होती, आणि शाश्वत शेतीचं प्रमाणपत्र असलेलेच सल्लागार घेणार होती.

"अहो, त्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत पास व्हाच," लुंबिनी म्हणाली. "नाहीतर पुढच्या वेळी शर्टासोबत तुम्हीही दोरीवर."

प्रात्यक्षिक परीक्षा काचेच्या टॉवरमागे, बिल्डरच्या नजरेतून सुटलेल्या मोहरीच्या तुकड्यात होती. पाच जातींचे मित्रकीटक, म्हणजे पिकाच्या उपयोगाचे किडे, शोधायचे आणि शेताच्या मालकाला सल्ला द्यायचा. बाकीच्या उमेदवारांनी शेतात पाय न घालता पुस्तकातले पाच लिहून चहाची रांग धरली.

बुद्धभूषणला मात्र एक गोष्ट खटकली. मोहरी फुलांनी पिवळीधमक, आणि एकही मधमाशी नाही? तो गुडघ्यांवर बसला. पानाखाली वास आला. थेट त्याच्या शर्टाचा. खाली मावा ही कीड खाणारे लाल ठिपकेदार ढालकिडे उताणे पडले होते.

"काल फवारलंत?" त्याने संयोजक उदयसिंहांना विचारलं.

"चीफ गेस्ट आ रहे हैं, यार! उन्हें कीड़े दिखाएँ क्या?"

प्रमाणपत्रावर सही याच उदयसिंहांची होणार होती. पुस्तकातले पाच लिहिले की नोकरी पक्की. पण चार जातींचे मेलेले सापडल्यावर बुद्धभूषणला आता पाचवा कोणता मेलाय याचीच उत्सुकता लागली होती. चहा संपला तरी तो रांगतच होता.

परीक्षक अलकनंदाबाई मराठी, पण दिल्लीतच वाढलेल्या. त्यांनी त्याची उत्तरपत्रिका दोनदा वाचली.

"पाचही मेलेले?"

"हो मॅडम. रुमालात आणलेत."

बाईंनी रुमाल उलगडला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक किडा मोजला.

"जिवंत हवेत असं प्रश्नात कुठेच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "बाकीच्यांना दाखवा म्हटलं, तर पुस्तक उघडून दाखवतात. आणि मालकाला सल्ला?"

"पाहुणे कमी बोलवा."

बाईंनी गुण भरले आणि उदयसिंहांना हाक मारली. "सही कीजिए. बिल्कुल सही जवाब है." चीफ गेस्टची गाडी फाटकात शिरत होती. उदयसिंहांनी न वाचताच सही ठोकली.

घरी लुंबिनीने आधी त्याने उतरवलेला शर्ट हातात घेऊन हुंगला. "परीक्षा दिलीत की बाटल्या विकल्यात?"

"पास झालो," म्हणत त्याने खिशातून काडेपेटी काढली. परतताना बांधापलीकडच्या गवतात एक ढालकिडा चालताना दिसला होता. गॅलरीतल्या मिरचीवर मावा पडला होता. त्याने किडा अलगद त्या पानावर सोडला.

"खाईल?" लुंबिनीने विचारलं.

"माहीत नाही. आजवर एवढं थांबून कधी बघितलंच नाही."

शर्ट हातातच राहिला, आणि दोघंही कुंडीपाशी उकिडवे बसले.