बाइदूखालची सही

सासऱ्यांनी चाळीस वर्षं बुटांचे फर्मे कोरले. फर्मा म्हणजे ज्यावर चामडं ताणून बूट शिवतात तो लाकडी पाय. सगळी विद्या त्यांनी एका वहीत उतरवली होती आणि ती आज चीनमधल्या एका म्हाताऱ्या फर्मेवाल्याकडे निघाली होती. मजकूर त्याला कळणार नव्हता, पण आकृत्या कळल्या असत्या. तेवढ्या एका माणसाने 'वा' म्हटलं की सासरे भरून पावणार होते.

कुरिअरवाला यायला तासभर होता. सून चिनी भाषेची दुभाषी. तिने सहज पहिलं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. तिच्याच शब्दकोशातून हुडकून सासऱ्यांनी पक्क्या शाईने दोन चिनी अक्षरं रेखली होती. बाइदू.

"आदराने वाचणे, असा अर्थ दिलाय," सासरे खुशीत म्हणाले. "जरा भारदस्त वाटलं."

"अर्थ बरोबर आहे, बाबा. पण हे वाचणाऱ्याने म्हणायचं असतं, 'तुमचं लिखाण मी नतमस्तक होऊन वाचलं.' लिहिणाऱ्याने कधीच नाही."

"म्हणजे मी त्याला सांगतोय, पड माझ्या पाया?"

"जवळजवळ."

"घ्या. म्हातारचळ लागला म्हणेल तो." ते हसले खरे, पण चेहरा उतरला. पान फाडावं तर मागची आकृती जाणार. चष्मा पुसत ते हळूच म्हणाले, "तू वाचलीस का गं वही?"

सहा महिने वही सुनेच्या टेबलावर पडून होती. जगभरच्या यंत्रांची माहितीपत्रकं तिने ओळ न् ओळ वाचली, घरची वही तेवढी राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली. खुर्ची ओढून ती वाचायला बसली.

चोविसाव्या पानावर दोन पावलं काढली होती. खाली लिहिलं होतं: 'सूनबाई घरात आली तेव्हा चालण्यावरूनच कळलं, उजवं पाऊल किंचित लहान. पोरीला संकोच वाटेल म्हणून विचारलं नाही. फर्मा कोरून दुकानात दिला, मुलाला तिचे बूट तिथूनच घ्यायला लावले.'

तिने पायातल्या बुटांकडे पाहिलं. सात वर्षं बूट त्याच दुकानातून येत होते आणि सात वर्षं ही बाई नवऱ्याच्या पारखीचे गोडवे गात होती.

कुरिअरवाल्याने दोनदा घंटी वाजवली. थांबला बिचारा दारात. तिने शेवटचं पान संपवलं, डोळे पुसले, पहिलं पान उघडलं आणि त्या दोन अक्षरांखाली आपली सही ठोकली.

"आता काही चुकीचं नाही, बाबा. हे मी म्हणतेय."

सासऱ्यांनी वही कागदात गुंडाळली, पण त्याआधी ते पान दोनदा पाहून घेतलं.