धोंडवाडीच्या चढाचा स्पॉकेट

मित्रांनो, मोटारसायकलच्या मागच्या चाकाला लागून एक दातेरी लोखंडी चकती असते. इंजिनाकडून आलेली चेन तिच्या दात्यांवरून फिरते, तेव्हा कुठं चाक फिरतं. पुस्तकात तिला काय म्हणतात मला ठाऊक नाही. गॅरेजात स्पॉकेट म्हणतात. मी तसलाच एक जुना स्पॉकेट आहे. माझे दाते झिजून एका अंगाला कलले आहेत. माझी गोष्ट ऐकून मान ताठ व्हावी अशी नाही, तरी सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातला ऊस जळून गेला आणि गुऱ्हाळं बंद पडली. चरकांचं लोखंड भंगारात गेलं. त्यातलाच एक जाड पत्रा उदगीरच्या माणिकप्पा मिस्त्रीच्या दुकानात कितीतरी वर्षं भिंतीला टेकून उभा होता. त्या पत्र्यातून माणिकप्पानं मला कापलं. खडूनं गोल आखला, कडेनं भोकं पाडली आणि मग एकेक दाता कानशीनं घासून काढला. प्रत्येक दात्यावर तो चेनचा तुकडा बसवून बघायचा. अडला की पुन्हा कानस.

मला बनवून घेतलं गुरुबसप्पानं. उदगीरकडच्या एका लहान गावात त्याचं किराणा दुकान होतं. माल आणायला म्हणून त्यानं राजदूत घेतली, पण ती जास्त पळायची त्याच्या बायकोच्या कामावर. शिवकांताबाई सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या. सहा वाड्या त्यांच्याकडं होत्या आणि त्यातली धोंडवाडी डोंगराच्या माथ्यावर. तिकडं जाणारी वाट म्हणजे मुरूम, गोटे आणि नुसता चढ. गाडी अर्ध्यात येऊन दम टाकायची.

माणिकप्पा म्हणाला, गाडीत दोष नाही, मागचा स्पॉकेट तुझ्या वाटेला लहान पडतो. लांब पहारेनं धोंडा सावकाश हलतो, पण हलतो, तसंच हे. म्हणून त्यानं मला जुन्यापेक्षा सहा दाते जास्त ठेवले. मी मोठा, म्हणून चेनला दोन कड्या जोडाव्या लागल्या. चेनवरचं पत्र्याचं झाकण माझ्यावर बसेना, ते काढून ठेवलं. चेन उघडी पडली. त्या दिवसापासून शिवकांताबाई गाडीवर बसताना पदर आणि निऱ्या आवळून कमरेला खोचायच्या.

मित्रांनो, पहिल्या दिवशी आम्ही धोंडवाडीला एका दमात चढलो. चाक जमीन धरून होतं, इंजिन कुठं अडलं नाही. वर पोचल्यावर साखराबाई नावाच्या म्हातारीनं गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता बाई आमची झाली." माझं नाव तिला ठाऊक नव्हतं. पण ते कौतुक माझंच होतं, असं मी धरून चाललो.

चढावर मी वाघ होतो, सपाटीवर मात्र गोगलगाय. डांबरी सडकेवर इंजिन कानठळ्या बसेस्तोवर ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी असल्यासारखी चालायची. सायकलवाले मागून येऊन पुढं जायचे. बाजारात हसू व्हायचं. गुरुबसप्पाचा मित्र संगप्पा याच्याकडंही मोटारसायकल होती. तो चालत्या गाडीवरून ओरडून विचारायचा, "गुरुबसप्पा, वैरण घालतोस का पेट्रोल?" बायकोचा डायवर, असंही कुणीकुणी म्हणायचं. गुरुबसप्पा हसण्यावारी न्यायचा. पण घरी आल्यावर गाडी दाणकन स्टँडवर लावायचा. मला ते लोखंडातून कळायचं.

मग तो पावसाळा आला. म्हणजे आलाच नाही. श्रावणात आड तळाला गेले. खालच्या गावात टँकर यायचा, धोंडवाडीच्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी काढायच्या. शिवकांताबाईंच्या फेऱ्या वाढल्या. त्यातच साखराबाईची सून पंचशीला हिचे दिवस भरत आले होते. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं, कारण त्या वेळी वर कुणी पोचलं नव्हतं. ती फार घाबरलेली होती. शिवकांताबाईंनी तिला शब्द दिला होता, निरोप आला की मी येते. त्यांनी गुरुबसप्पालाही सांगून ठेवलं होतं, या आठवड्यात गाडी तयार असू द्या.

आणि त्याच आठवड्यात लातूर जिल्हा होणार होता. उस्मानाबादला हेलपाटे घालून लोक थकले होते, म्हणून आनंद मोठा होता. दुष्काळातसुद्धा गुलालाची पोती आली. उदगीरहून लातूरला मोटारसायकलींची मिरवणूक निघणार असं ठरलं. बाजारात दहा माणसांसमोर संगप्पा म्हणाला, "गुरुबसप्पा, तू आजच निघ. म्हंजी जिल्हा जुना व्हायच्या आत पोचशील."

सगळे हसले. गुरुबसप्पाही हसला. तिथून तो सरळ माणिकप्पाच्या दुकानात गेला.

एका दिवसापुरता जुना स्पॉकेट बसवून दे, परवा पुन्हा हा चढव, असं त्याचं म्हणणं. माणिकप्पानं हातातलं काम थांबवलं. त्याला धोंडवाडीची वाट ठाऊक होती.

"वैनीला इचारलंस का?"

"तिनंच सांगितलं, जाऊन या म्हणून," गुरुबसप्पा म्हणाला.

खोटं होतं. मागचं चाक खाली उतरलं, चेनच्या जादा कड्या निघाल्या, मी निघालो. जुना स्पॉकेट चढला आणि झाकण पुन्हा बसलं. घरी आल्यावर गुरुबसप्पानं मला दुकानाच्या दाराशी खिळ्याला अडकवलं. शिवकांताबाई तेव्हा दुसऱ्या वाडीला गेल्या होत्या.

सकाळी तो पांढरे कपडे घालून, डोक्याला भगवा रुमाल बांधून तयार झाला. गाडीला झेंडा लावला. एवढ्यात पंचशीलाचा नवरा डोंगर उतरून पळत आला. त्याला बोलायला दम नव्हता, पण तो का आला ते सांगायची गरजही नव्हती. शिवकांताबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. सवयीनं निऱ्या आवळल्या, पदर खोचायला हातात घेतला आणि खाली बघितलं. चेनवर झाकण होतं.

मी समोरच खिळ्यावर होतो. त्यांनी झाकणाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चाक बदललंत व्हय?"

"आजच्या दिवसापुरतं," गुरुबसप्पा म्हणाला. "चढंल गाडी. मी चढवतो."

त्या मागं बसल्या. पंचशीलाचा नवरा पायवाटेनं मागोमाग निघाला. गाडी फाटकातून बाहेर पडली, झेंड्यासकट.

डोंगरावरचं मी बघितलेलं नाही. तरी मला ते पाठ आहे. कारण धोंडवाडीची माणसं पुढं कितीतरी वर्षं दुकानात येऊन ते सांगत राहिली आणि गुरुबसप्पा मान खाली घालून साखर तोलत राहिला.

अर्ध्या चढावर गाडी थांबली. इंजिन घुसमटलं, क्लच जळाल्याचा वास सुटला, चाक मुरमात जागच्या जागी फिरू लागलं. शिवकांताबाई उतरल्या आणि पिशवी खांद्याला लावली. गुरुबसप्पा म्हणाला, थांब, मी ढकलतो. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही जावा. मिरवणूक चुकंल तुमची." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तोवर पायवाटेनं येऊन पोचलेल्या पंचशीलाच्या नवऱ्याबरोबर त्या उन्हात चालत वर गेल्या. पोचेपर्यंत बाळ साखराबाईच्या हातात आलं होतं, निळं पडलेलं, न रडता. पंचशीला उठून बसू बघत होती आणि सारखं एकच विचारत होती, रडलं का. शिवकांताबाईंनी बाळाचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, आपला श्वास त्याच्या तोंडात घातला. बराच वेळ काही झालं नाही. मग ते रडलं. पोरगी होती. त्यांना आणखी थोडा उशीर झाला असता तर, हे वाडीत कुणी पुरं बोलत नाही.

गुरुबसप्पा मिरवणुकीला गेला नाही. त्यानं गाडी ढकलत ढकलत वर आणली. पांढरे कपडे मातीनं भरले होते, हाताला फोड आले होते. वाडीच्या लोकांनी त्याला तसं येताना बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. बाईंसाठी हा माणूस गाडीसंगं डोंगर चढला, असं ते एकमेकांना सांगू लागले. त्याला खाटेवर बसवलं. साखराबाईनं आतून तांब्या आणला. काठोकाठ पाणी होतं. वाडीत त्या दिवशी पोरांनासुद्धा घोटघोट मिळत होतं.

"घ्या दादा," ती म्हणाली. "तुमच्यामुळं नात बघितली."

गुरुबसप्पाच्या हातात तांब्या तसाच राहिला. खरं सांगावं असं त्याच्या ओठावर आलं असणार. त्यानं शिवकांताबाईंकडं बघितलं. त्या दारात हात पुसत उभ्या होत्या. एका शब्दानं त्या सगळं सांगू शकल्या असत्या.

"प्या," त्या म्हणाल्या. "त्यांनी मनानं दिलंय."

तो प्यायला. गोष्ट सांगताना वाडीची माणसं इथं नेहमी म्हणतात, दादा पाणी पिताना रडले, इतकं त्यांना पोरीचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गाडीवर चढलो. गुरुबसप्पानं माणिकप्पाला खरं काय ते सांगितलं. माणिकप्पानं बोल्ट नेहमीपेक्षा जास्त आवळले. चेनचं झाकण गुरुबसप्पानं तिथंच भंगारात टाकलं. संगप्पा गुलालानं माखून परतला होता, त्यानं चिडवलं तेव्हा गुरुबसप्पा पहिल्यांदाच हसला नाही.

शिवकांताबाई घरात कधी रागावल्या नाहीत. पण त्या दिवसापासून एक झालं. गाडीवर बसायच्या आधी त्या थोड्या वाकायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. मी आहे हे दिसलं की पदर खोचून बसायच्या. क्षणभराचं काम. तेवढा वेळ गुरुबसप्पा हँडल धरून समोर बघत राहायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. केस पांढरे झाले तरी ते चुकलं नाही. मी ज्या कामाला जन्मलो ते मी जन्मभर नीट केलं, पण ती नजर पडली की मलाही अंग चोरावंसं वाटायचं.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एकदा तो म्हणाला, "आता तरी नको बघत जाऊ, शिवकांता. त्यानंतर मी कधी हात लावला का त्याला?"

त्या सरळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हाला जायचं हुतं तर मला सांगायचं की वो. मी आदल्या दिशीच वर मुक्कामाला गेले असते. तुम्ही गुलाल खेळून आला असता. कुणाचंच काई अडलं नसतं."

एवढं बोलून त्या बसल्या. गुरुबसप्पानं किक मारली, ती तीनदा चुकली. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपली हौस मोठी झाली आणि बायकोचं काम लहान, हीच आपली चूक. दोन्ही भागलं असतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

शिवकांताबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या तिसऱ्या दिवसाला धोंडवाडी सगळी खाली आली होती. साखराबाईची ती नात आता स्वतः दोन लेकरांची आई आहे, तीही आली होती. तिनं सगळ्यांसमोर गुरुबसप्पाच्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हा त्यानं तिला उठवून तिथंच, माणसांदेखत, स्पॉकेटची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. पोरगी म्हणाली, "आजीला बाईंनी तवाच सांगितलं हुतं. आम्हाला म्हायती हाय, बाबा." ऐकून तो खालीच बसला.

धोंडवाडीला आता डांबरी सडक आहे, माझी गरज नाही. तरी त्यानं मला काढलेलं नाही. गाडी हळू चालते, पोरं हसतात, तो हसू देतो.

मित्रांनो, चेनला वेळेवर तेल द्या, ती ढिली ठेवू नका, दाते झिजले तर बदला. हे तुम्हाला कुठलाही मिस्त्री सांगेल. मी एवढंच सांगतो. एखादी वस्तू काढताना किंवा बदलताना तिच्यावर ज्याचा भरवसा आहे त्याला आधी विचारा. बहुतेक वेळा ते माणूस नाही म्हणत नाही, काहीतरी वाट काढून देतं. आणि ते माणूस घरात असतं तोवरच विचारता येतं.